तळपायाची आग आणि ॲक्युपंक्चरची सुई

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय ६४, मधुमेह १७ वर्षांचा. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. तक्रार एकच. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते. पांघरुणाचा स्पर्शही नकोसा वाटतो. मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काशाच्या वाटीने तूप चोळून झालं होतं, थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसणंही झालं होतं. मी दिलेल्या गोळ्यांनी थोडा फरक होता, पण झोप अजून तुकड्यातुकड्यांचीच होती.

बाईंनी मला विचारलं, "डॉक्टर, शेजारच्या काकू सुया टोचून घेतात. त्यांना बरं वाटतं म्हणे. मीही घेऊ का? आणि घेतल्या तर या गोळ्या बंद करता येतील ना?"

वाचकहो, हे दोन प्रश्न आहेत. बाईंनी ते एका दमात विचारले आणि बहुतेक रुग्ण तसेच विचारतात. सुईने दुखणं कमी होईल का, हा एक प्रश्न. सुईने आजार बरा होईल का, हा दुसरा. ॲक्युपंक्चरचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं की गेली कित्येक शतकं माणसं या दोन प्रश्नांची गल्लत करत आली आहेत. कोणी सुईला डोक्यावर घेतलं, कोणी कचऱ्यात टाकलं. म्हणून आज नुसतं "घ्या" किंवा "घेऊ नका" असं न सांगता तो इतिहासच तुमच्यापुढे ठेवतो. शेवटी आपण बाईंकडे परत येऊ.

आधी नसेचं दुखणं समजून घेऊ

आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे नस म्हणजे मज्जातंतू, इंग्रजीतली नर्व्ह. ही शरीरातली वायर. पायाला खडा टोचला की ती मेंदूला निरोप देते आणि आपण पाय उचलतो. हे दुखणं उपयोगाचं आहे, ते आपली राखण करतं.

मज्जातंतूच बिघडला तर मात्र वेगळंच घडतं. घराच्या बेलची वायर खराब झाली की दारात कोणी नसताना बेल वाजत राहते. तसंच पायाला काहीही झालेलं नसताना मेंदूला आग, मुंग्या, टोचणी, झटके असे निरोप जात राहतात. याला न्यूरोपॅथिक पेन म्हणतात. मधुमेह हे त्याचं आपल्याकडचं फार मोठं कारण. त्याशिवाय नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी कळ, कॅन्सरच्या काही केमोथेरपीनंतरच्या हातापायांच्या मुंग्या, एचआयव्ही, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कुष्ठरोग, दारू आणि काही औषधं ही कारणंही आहेतच.

अशा दुखण्यावर क्रोसिनसारख्या साध्या गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं लागतात. ती काहींना चांगली लागू पडतात, काहींना थोडी, काहींना मुळीच नाही. शिवाय गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड असे त्रास होतात. त्यामुळे रुग्ण दुसरा मार्ग शोधतो यात त्याचं काही चुकत नाही. सुईकडे माणसं वळतात ती याच वळणावर.

सुरुवात चीनमध्ये

"पाच हजार वर्षांची अखंड परंपरा" हे शब्द तुम्ही जाहिरातीत वाचले असतील. खरा इतिहास इतका सरळ नाही.

१९७३ साली चीनमधल्या चांग्शा शहराजवळ मावांगदुई इथल्या एका थडग्यात रेशमावर लिहिलेले ग्रंथ सापडले. ते थडगं इसवीसनापूर्वी १६८ साली बंद केलेलं होतं. या ग्रंथांत शरीरातल्या ११ वाहिन्यांचं वर्णन आहे आणि त्यांवर वनस्पतीची वात जाळून शेक द्यायला सांगितलं आहे. सुई टोचण्याचा उल्लेख मात्र त्यांत नाही. सुईची सविस्तर पद्धत दिसते ती 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात. तो साधारण इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत संकलित झाला असं अभ्यासक मानतात. म्हणजे परंपरा दोन हजार वर्षांची नक्कीच आहे, आणि तेही काही थोडं नाही.

त्या वैद्यांना मज्जातंतू माहीत नव्हते. शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहिन्यांतून वाहते, ती अडली की दुखणं होतं आणि ठरावीक बिंदूवर सुई टोचली की प्रवाह मोकळा होतो, अशी त्यांची मांडणी होती. नद्या, कालवे आणि बांध यांवर शेती करणाऱ्या समाजाला शरीरही तसंच दिसलं. त्या काळच्या सुयाही नऊ प्रकारच्या होत्या. काही गळू फोडण्यासाठी, काही रक्त काढण्यासाठी. आज दिसते ती केसासारखी बारीक स्टीलची सुई अलीकडची आहे.

पुढे या विद्येचं शिस्तशीर शिक्षण सुरू झालं. १०२७ साली वांग वेइयी या राजवैद्याने माणसाच्या उंचीचे दोन पोकळ कांस्य पुतळे घडवून घेतले. त्यांच्यावर बिंदूंची भोकं होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण लिंपून आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई बरोबर बिंदूत गेली तर पाणी बाहेर येई. नाही आलं तर नापास!

आणि एवढ्या मानाच्या विद्येला १८२२ साली चीनच्याच दरबाराने राजवैद्यकीय संस्थेतून बाहेर काढलं. सम्राटावर सुया चालवणं योग्य नाही असं ठरलं. १९२९ साली तर तिथल्या सरकारच्या आरोग्य समितीने सगळंच पारंपरिक वैद्यक बंद करण्याचा ठराव केला. वैद्यांनी मोठा विरोध केला म्हणून तो बारगळला. १९३० च्या दशकात चंग दानआन नावाच्या वैद्याने नव्या शरीररचनाशास्त्राशी मेळ घालत बिंदूंची फेरमांडणी केली. आज दवाखान्यात दिसणाऱ्या ॲक्युपंक्चरवर या फेरमांडणीची मोठी छाप आहे.

इथे एका प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो मला हमखास विचारला जातो. "हे आपल्या सुश्रुताचंच ना?" सुश्रुतसंहितेत सिरावेध आहे, पण त्यात शीर वेधून रक्त काढायचं असतं. ॲक्युपंक्चरमध्ये रक्त काढणं हा हेतू नसतो. दोन्हींत टोकदार हत्यार आहे, एवढ्यावरून ती एक होत नाहीत.

युरोपने सुई घेतली, वाहिन्या सोडल्या

विलेम टेन राइने हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७४ ते १६७६ या काळात जपानमधल्या नागासाकी बंदरात होता. तिथे त्याने सुईचे उपचार पाहिले. १६८३ साली लंडनमध्ये त्याचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. मूळ विषय संधिवाताचा, पण त्यात या उपचाराचं वर्णन आलं आणि 'ॲक्युपंक्चर' हा शब्दही त्यातूनच रूढ झाला. लॅटिनमध्ये 'ॲकस' म्हणजे सुई आणि 'पुंक्तुरा' म्हणजे टोचणं. गंमत म्हणजे तक्त्यांवरच्या वाहिन्या पाहून त्या रक्तवाहिन्याच आहेत असं त्याला वाटलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये सुयांची लाट आली. लुई बर्लिओझ या डॉक्टरने १८१६ साली आपले अनुभव छापले. प्रसिद्ध संगीतकार हेक्टर बर्लिओझचे हे वडील. १८२५ साली सार्लांदिएर या फ्रेंच डॉक्टरने टोचलेल्या सुयांना विजेचा हलका प्रवाह जोडला. आज 'इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर' म्हणून जे मशीन दाखवतात त्याचा जन्म असा पॅरिसमध्ये झाला. त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या तुरुंगातल्या कैद्यांवर फ्रँकलिन बॅश या डॉक्टरने सुया वापरून पाहिल्या आणि १८२६ साली संधिवात व नसांच्या कळा असलेल्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. कैद्यांवर असे प्रयोग करणं आज कोणी खपवून घेणार नाही, पण तो काळ तसा होता. विल्यम ऑस्लर हे तर आधुनिक वैद्यकातलं केवढं मोठं नाव! त्यांनी १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात अचानक धरलेल्या कंबरेसाठी सुया सुचवल्या आणि वेळ पडली तर बायकांच्या टोपीच्या पिनाही चालतील असं लिहिलं.

या बहुतेक डॉक्टरांनी 'ची' आणि वाहिन्या बाजूला ठेवल्या. दुखतं तिथे किंवा त्याच्या आसपास सुई टोचायची, एवढंच ते करत. तरी काहींना बरं वाटलं, काहींना नाही. का वाटलं आणि का नाही, हे सांगायला कोणाकडे साधन नव्हतं. तुलना करायला दुसरा गट नाही, मोजमाप नाही. आधी कौतुक, मग कंटाळा, मग विसर असं होत गेलं.

सोलापूरचे कोटणीस आणि कोलकात्याचे बसू

ही सुई भारतात कशी आली ही गोष्ट आपल्या जवळची आहे. १९३८ साली जपानने चीनवर केलेल्या आक्रमणात जखमी झालेल्यांच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. डॉ. मुखर्जी आणि कोलकात्याचे डॉ. बिजोय कुमार बसू हे बाकीचे दोघे. कोटणीस तिथेच राहिले, रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे ही कहाणी घरोघरी पोचली.

त्यामुळे पुष्कळांचा समज असा की ॲक्युपंक्चर भारतात कोटणीसांनी आणलं. तसं नाही. कोटणीस सर्जन होते आणि ते मायदेशी परतलेच नाहीत. सुई आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी. ते १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ साली कोलकात्याला येऊन त्यांनी तिचे उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या स्मृतीसाठी झालेल्या कामातून त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चर दवाखाने निघाले, लुधियानात तर इस्पितळही उभं राहिलं. नाव कोटणीसांचं, विद्या बसूंनी आणलेली, असा हा घोटाळा आहे. पण दोघांच्याही कामाला त्याने उणेपणा येत नाही.

बसू गेले तेव्हाचा चीन बदललेला होता. नव्या सरकारपुढे कोट्यवधी गरीब माणसं होती आणि आधुनिक डॉक्टर मूठभर. ज्या विद्येला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागासलेली म्हटलं गेलं, तिलाच १९५० नंतर सरकारी आश्रय मिळाला. सुई स्वस्त होती, नेणं सोपं होतं आणि शिकलेली माणसं गावोगाव होती.

एका अपेंडिक्सची गोष्ट

जुलै १९७१. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स सुजलं आणि तिथेच ऑपरेशन करावं लागलं. २६ जुलैच्या अंकात त्यांनी तो अनुभव लिहिला. त्यानंतर जगभर बातमी पसरली की चीनमध्ये नुसत्या सुया टोचून पोट उघडतात!

रेस्टन यांनी तसं लिहिलंच नव्हतं. ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनखाली झालं होतं. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं तेव्हा कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि त्यांना आराम पडला, एवढंच ते होतं. म्हणजे ऑपरेशन इंजेक्शनने झालं, सुईने फक्त नंतरची अस्वस्थता कमी केली. पण सांगोवांगी दोन्ही एक झालं. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि कुतूहलाला उधाण आलं.

बाईंच्या दोन प्रश्नांची आठवण झाली ना? इथेही तीच गल्लत.

मग प्रयोगशाळेत काय दिसलं?

या कुतूहलाचा एक मोठा फायदा झाला. शास्त्रज्ञ सुईकडे गंभीरपणे पाहू लागले, आणि वेदनेच्या शास्त्रातही तेव्हा मोठ्या घडामोडी चालू होत्या.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी 'गेट' सिद्धांत मांडला होता. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपांसाठी जणू एक फाटक असतं आणि स्पर्शाचे निरोप ते अर्धवट बंद करू शकतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, ते यामुळेच. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच अफूसारखं काम करणारी रसायनं सापडली. १९७७ साली मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲक्युपंक्चरने दातांची वेदना कमी झालेल्या माणसांना नॅलोक्सोन हे अफूचा परिणाम तोडणारं औषध दिलं की तो आराम ओसरतो. म्हणजे सुईने शरीरातली स्वतःची वेदनाशामकं जागी होत असावीत.

ॲक्युपंक्चरवाले हा पुरावा अभिमानाने सांगतात. पण लगेच १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर आणखी एक गोष्ट दाखवली. औषध म्हणून नुसतं खोटं इंजेक्शन दिल्यावर जो आराम पडतो, तोही नॅलोक्सोनने घालवता येतो. म्हणजे विश्वासाने, अपेक्षेने पडणारा आरामही त्याच रसायनांतून येऊ शकतो. हा आराम खोटा नसतो. पण तो सुईमुळेच आला, अमुक बिंदूमुळेच आला, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

खऱ्या सुया, खोट्या सुया

मग हे शोधायचं कसं? काही रुग्णांना खरं ॲक्युपंक्चर द्यायचं, काहींना खोटं, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. गोळी खोटी देता येते, सुई खोटी कशी देणार? १९९८ साली जर्मनीत यावर एक युक्ती निघाली. टोचल्यासारखी वाटणारी पण आत न जाता स्वतःच्याच दांड्यात सरकणारी बोथट सुई. इतर अभ्यासांत खऱ्या सुया चुकीच्या जागी, अगदी वरवर टोचल्या जातात.

जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण. सहा महिन्यांनी ठरवलेल्या निकषाइतकी सुधारणा कितीजणांत दिसली? खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के, खोट्याने ४४.२ टक्के आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४ टक्के. हे आकडे दोनदा वाचा. सुया घेणारे नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरेच पुढे आहेत. पण खरी सुई आणि खोटी सुई यांत फरक जेमतेम आहे. २०१८ साली ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात पाठ, मान, खांदा, गुडघा आणि डोकेदुखी यांत खरी सुई खोटीपेक्षा सरस दिसली, पण तो फरक लहानच होता.

आता आपला मूळ विषय, जुन्या आजारातलं नसेचं दुखणं. त्याबद्दलचा पुरावा फार तोकडा आहे. १९९८ साली अमेरिकेत एचआयव्हीमुळे पायाच्या नसा दुखणाऱ्या २५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका बाजूला ॲक्युपंक्चर, दुसऱ्या बाजूला ॲमिट्रिप्टिलिनची गोळी. १४ आठवड्यांनी दिसलं की खरी सुई खोटीपेक्षा सरस नाही, आणि गोळीही खोट्या गोळीपेक्षा सरस नाही! आम्ही डॉक्टरांनीही मान खाली घालून वाचावा असा हा निकाल. २०१७ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने नसांच्या दुखण्यावरचे ॲक्युपंक्चरचे सगळे अभ्यास चाळले. त्यांच्या निकषात बसले फक्त सहा, रुग्ण ४६२. निष्कर्ष असा की उपयोग होतो किंवा होत नाही, असं काहीच ठामपणे सांगता येत नाही.

त्याच वर्षी मनगटातली नस दबण्याच्या आजारावर, म्हणजे कार्पल टनेलवर, एक वेगळा अभ्यास आला. रुग्णांना मुंग्या आणि दुखण्यात आराम खऱ्या सुईनेही पडला, खोटीनेही. पण यंत्राने मोजलेल्या नसेच्या वेगात सुधारणा दिसली ती खऱ्या सुईच्या गटांत. आशा वाटावी असा हा निष्कर्ष आहे. पण ती दबलेली नस होती. मधुमेहाने वर्षानुवर्षं झिजलेल्या नसेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

म्हणजे तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

सुईने काही रुग्णांना वेदनेत आराम पडतो. तो आराम बिंदूचा किती, सुईच्या टोचण्याचा किती, शांतपणे अर्धा तास पडून राहण्याचा किती आणि आपलं कोणीतरी नीट ऐकलं याचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. रात्रीची झोप परत मिवाळी एवढीच इच्छा असलेल्या माणसाला या हिशेबाची फिकीर नसते, हे मला मान्य आहे.

पण सुईने रक्तातली साखर आटोक्यात येत नाही, ब१२ भरून निघत नाही, कुष्ठरोगाचे जंतू मरत नाहीत. झिजलेली नस सुईने पूर्ववत होते असा भरवशाचा पुरावा आज नाही. बेलचा आवाज कमी झाला म्हणजे वायर दुरुस्त झाली असं नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मधुमेहात आग आपोआप थांबली तर ती नेहमीच चांगली बातमी नसते. कधी कधी नस पुरती मरते म्हणून आग थांबते. वायर तुटली की बेलही गप्प होते. मग खडा टोचला, चप्पल चावली, गरम फरशीने भाजलं तरी कळत नाही. पायाच्या जखमा चिघळतात त्या अशा गप्प पायांत.

म्हणून ॲक्युपंक्चर घ्यायचं असेल तर एवढं करा :

१. आधी निदान करून घ्या. मुंग्या म्हणजे मधुमेहच असं धरून चालू नका. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल किंवा आहार पूर्ण शाकाहारी असेल तर ब१२ तपासा. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना मुंग्यांबद्दल नक्की सांगा.

२. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या तर नाहीच. प्रीगॅबालिनसारख्या गोळ्याही एकदम थांबवायच्या नसतात. कमी करायच्या असतील तर आपण मिळून हळूहळू करू.

३. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. विचारण्यात संकोच कसला?

४. सुई तुमच्यासमोर फोडलेल्या पाकिटातली, एकदाच वापरायची हवी. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने कावीळ-बी पसरू शकते.

५. रक्त पातळ करणारं औषध, पेसमेकर, गरोदरपण, पायावर जखम किंवा सूज यांतलं काहीही असेल तर आधी सांगा. पेसमेकर असताना विजेची सुई नको.

६. पाय बधिर असतील तर पायावर जळत्या वातीचा शेक घेऊ नका. भाजलेलं तुम्हाला कळणारच नाही. बधिर पावलावर सुयाही नकोत.

७. किती बैठका, किती खर्च, फरक पडला नाही तर कधी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. "अजून दहा घ्या" याला अंत नसतो.

आणि हे दिसलं तर सुईची वाट न पाहता ताबडतोब डॉक्टरांकडे या : पाय अचानक लुळा पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांमधला भाग बधिर होणं, पायाचा रंग बदलणं, न भरणारी जखम.

बाईंचं काय झालं?

बाईंना मी दोन्ही उत्तरं दिली. सुया घ्यायच्या असतील तर घ्या, माझी हरकत नाही, पण पावलांवर नको. गोळ्या मात्र चालू ठेवायच्या आणि दर महिन्याला पाय दाखवायला यायचं. त्यांनी आठ बैठका घेतल्या. त्याच काळात इन्सुलिनची मात्राही बदलली आणि रात्री चहा-खारीची सवय सुटली.

दोन महिन्यांनी म्हणाल्या, "डॉक्टर, सलग पाच तास झोप लागते." मला मनापासून आनंद झाला. हे सुईने झालं, साखरेने झालं की गोळीने? एका रुग्णावरून ते मला सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मग मी त्यांचे पाय तपासले. नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्याला स्पर्श करून "कळतं का?" असं विचारायची साधी चाचणी आम्ही करतो. बाईंना पूर्वी जिथे कळत नव्हतं तिथे आजही कळत नव्हतं. आणि उजव्या अंगठ्याखाली एक फोड होता, नव्या चपलेने आलेला. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. "आग गेली म्हणून मला वाटलं पाय बरे झाले," त्या म्हणाल्या.

फोड वेळेवर दिसला म्हणून दहा दिवसांत भरला. महिनाभर त्या आल्या नसत्या तर काय झालं असतं, ते मी अशा इतर पायांत पाहिलेलं आहे.

वाचकहो, सुईवर रागावू नका आणि तिच्यावर सगळा भारही टाकू नका. दुखणं कमी करायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठी सुई वापरून पाहायची असेल तर वर सांगितलेली काळजी घेऊन पाहा. फक्त आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करा. दिव्याखाली बसा, आरसा घ्या आणि दोन्ही तळपाय नीट बघा. खाली वाकता येत नसेल तर घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. रोज.

काळजी घ्या.